निवासी शाळा निवडण्याआधी तिचे वसतिगृह पाहावे : सोलापूरच्या एका वडिलांना उत्तर

आपण विचारलेला प्रश्न मी प्रथम माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर आपल्याला लगेच लक्षात येईल. आपला मुलगा अकरा वर्षांचा असून सोलापुरातच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकतो. अक्कलकोट रस्त्यावर आपला टॉवेलचा कारखाना आहे आणि माल निर्यात होतो. मुलाला उत्तम आंतरराष्ट्रीय निवासी शाळेत घालावे असा आपला विचार असून आपण तीन शाळा निवडून ठेवल्या आहेत: एक स्वित्झर्लंडमधली, एक डेहराडून-मसुरी भागातली आणि एक पुण्याजवळची. यांतली सर्वांत चांगली कोणती आणि यंदाच पाठवावे की थांबावे, असे आपण विचारता. ‘तो फार बुजरा आहे, बाहेर गेला की धीट होईल’ असे आपण लिहिले आहे आणि त्याच्या आजीला ही कल्पना मुळीच मान्य नाही, हेही आपण लपवलेले नाही.

मी बावीस वर्षे निरनिराळ्या निवासी शाळांत शिकवले. त्यांतली चौदा वर्षे वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणजे दिवसा वर्ग घ्यायचे आणि रात्री चाळीस-पन्नास मुलांच्या मजल्यावर राहायचे. सोलापूरला परत आल्यापासून गेली काही वर्षे पालकांना याच विषयावर सल्ला देते. या अनुभवाच्या जोरावर सांगते की आपल्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: मुलाला का पाठवायचे, केव्हा पाठवायचे आणि कुठे पाठवायचे. आपण फक्त शेवटचे दोन विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर आपण गृहीत धरले आहे आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे.

‘बाहेर गेला की धीट होईल’ हे वाक्य मी शेकडो पालकांकडून ऐकले आहे. काही मुलांच्या बाबतीत ते खरे ठरते, त्यामुळे ते सरसकट चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. मात्र बुजरेपणा दोन प्रकारचा असतो आणि निवासी शाळेत त्या दोहोंचे परिणाम अगदी वेगळे होतात. माझ्याकडे पंढरपूर तालुक्यातून आलेला एक मुलगा होता. तो पहिले सहा महिने वर्गात जवळजवळ बोललाच नाही. पण त्याला तबला येत होता, तो रोज संध्याकाळी संगीताच्या खोलीत जाऊन बसे आणि काही दुखले-खुपले तर शांतपणे माझ्या दारावर टकटक करून सांगत असे. तो मुलगा उत्तम रुळला. दुसरा एक मुलगा घरी अतिशय बडबड्या होता, पाहुण्यांसमोर इंग्रजीत भाषणे करी, आणि त्याचे आईवडील त्याच्याविषयी पूर्ण निश्चिंत होते. पण मदत मागणे त्याला कधीच जमले नाही. बूट घट्ट होऊन टाचेला जखम झाली होती तरी तो तीन आठवडे तसाच खेळत राहिला आणि मित्र दूर झाले तेव्हा त्याचे जेवण निम्म्यावर आले, तेही आम्हाला उशिराच कळले. तेव्हा मूल किती बोलते हा निकष नाही. अडचण आली तर ते घराबाहेरच्या मोठ्या माणसाला सांगते का, एवढेच पाहायचे असते.

हे तपासण्यासाठी मानसशास्त्रीय चाचणीची गरज नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मुलाला तीन आठवडे मामाकडे किंवा आत्याकडे एकटे ठेवावे, आपण सोबत जाऊ नये, आणि फोन तीन दिवसांतून एकदाच करावा. तो स्वतःचे कपडे आवरतो का, पोट बिघडले तर मामीला सांगतो का, भांडण झाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला जातो का, हे मामीकडून नीट विचारून घ्यावे. त्यानंतर शक्य असल्यास दहा-बारा दिवसांचे एखादे गिरिभ्रमण किंवा खेळाचे शिबिर करावे, जिथे ओळखीचे कोणीही नसेल. या दोन्हींतून तो नुसता तगून नव्हे, तर थोडाफार आनंदात परत आला तर ‘का’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले असे समजावे. उरलेले निम्मे उत्तर आपल्याला स्वतःला द्यायचे आहे: जे इथे मिळत नाही असे नेमके काय तिथे मिळावे अशी आपली अपेक्षा आहे? खेळाची मैदाने, चांगले इंग्रजी, परदेशी विद्यापीठात प्रवेश, की पुढे व्यवसायात उपयोगी पडतील अशा ओळखी? यांपैकी प्रत्येक उत्तर वेगळ्या शाळेकडे नेते आणि सगळेच हवे असे म्हणणारे पालक बहुधा सर्वांत महागडी शाळा निवडून मोकळे होतात.

आता वयाविषयी. आपल्याकडच्या जुन्या निवासी शाळांनी प्रवेशाच्या इयत्ता विचारपूर्वक ठरवलेल्या आहेत. १९३५ साली सुरू झालेली डेहराडूनची दून स्कूल ही मुलांची शाळा असून तिचे मुख्य प्रवेश सातवी आणि आठवीत होतात. दुसऱ्या टोकाला मुळशी परिसरातले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. ते १९९७ साली सुरू झाले, तिथे फक्त अकरावी-बारावीच्या तोडीचा दोन वर्षांचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) डिप्लोमा आहे, प्रवेश राष्ट्रीय निवड समितीमार्फत होतो आणि कुटुंबाच्या आर्थिक स्थितीनुसार शिष्यवृत्तीही मिळते. म्हणजे निवासी शिक्षणाला दोन नैसर्गिक दरवाजे आहेत: बारा-तेराव्या वर्षी एक आणि सोळाव्या वर्षी दुसरा. मधल्या काळात, विशेषतः नववीच्या मध्यावर किंवा दहावीत, मुलाला हलवू नये असे मी आग्रहाने सांगते. केंब्रिजचा आयजीसीएसई हा अभ्यासक्रम बहुतेक शाळांत नववी आणि दहावी असा दोन वर्षांचा असतो, त्यात मधेच उडी घेणाऱ्या मुलाला नवे विषय, नवे मित्र आणि नवे वसतिगृह असा तिहेरी भार पेलावा लागतो. शिवाय त्या वयात वसतिगृहातले गट आधीच जमलेले असतात आणि नव्या मुलाला त्यांत जागा करून घ्यावी लागते.

‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दावर मात्र मी फार वेळ घालवणार नाही. तो कोणीही पाटीवर लिहू शकतो. आयबीचे अधिकृत काम करणाऱ्या शाळांची यादी त्या संस्थेच्या संकेतस्थळावर आहे. ‘उमेदवार’ शाळा, म्हणजे मान्यता मिळण्याची वाट पाहणारी, आणि ‘मान्यताप्राप्त’ शाळा यांत फरक असतो आणि एखाद्या शाळेला प्राथमिक वर्गांसाठी मान्यता असली म्हणजे डिप्लोमासाठीही असेल असे नाही. तो फरक नीट पाहून घ्यावा. ज्यांना या क्षेत्राचा जुना अनुभव आहे अशा शाळाही आपल्या देशात आहेत. मसुरीची वुडस्टॉक १८५४ सालची आणि कोडाईकॅनॉल इंटरनॅशनल १९०१ सालची. भारतात आयबी डिप्लोमा प्रथम आणला तो कोडाईकॅनॉलच्या याच शाळेने. उलट पुणे जिल्ह्यातल्या खेडजवळची सह्याद्री स्कूल नावातही आंतरराष्ट्रीय नाही, तिथला अभ्यासक्रम आयसीएसई आणि आयएससी या आपल्याच देशातल्या दहावी-बारावीच्या परीक्षांचा आहे, तरीही काही विशिष्ट स्वभावाच्या मुलांसाठी मी तिचे नाव निःशंकपणे सुचवते.

बोर्डाचा विचार उलट्या बाजूने करावा, म्हणजे अठराव्या वर्षी मुलगा कुठे जाणार तिथून मागे यावे. आयबी डिप्लोमात सहा विषय असतात, प्रत्येकाला सात गुण. दीर्घ निबंध आणि ज्ञानमीमांसा या दोहोंचे मिळून तीन, असे एकूण पंचेचाळीस. उत्तीर्ण होण्यासाठी किमान चोवीस गुण आणि काही अन्य अटी. चार हजार शब्दांचा तो दीर्घ निबंध मुलाला स्वतः विषय निवडून लिहावा लागतो आणि परदेशी विद्यापीठांना, तसेच आपल्याकडच्या काही खासगी विद्यापीठांना, ही तयारी मोलाची वाटते. पण मुलाला डॉक्टर व्हायचे असेल तर गणित बदलते. नीटची परीक्षा एनसीईआरटीच्या धर्तीवरच्या अभ्यासक्रमावर होते, आयबीचा अभ्यास सांभाळून तिची तयारी करणे म्हणजे दोन होड्यांवर पाय ठेवणे आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशांच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी, काही ठरावीक अपवाद सोडले तर, अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. डेहराडूनहून दहावी झालेल्या मुलाच्या आईवडिलांना ही अट बारावीनंतर कळली असे मी दोनदा पाहिले आहे आणि तेव्हा करण्यासारखे काही उरत नाही. आपल्या पत्रात मुलाला काय व्हायचे आहे याचा उल्लेख नाही. अकराव्या वर्षी तो नसणे स्वाभाविकच आहे. म्हणूनच जो दरवाजा बंद होणार आहे तो कोणता, हे आधी माहीत असावे एवढेच माझे म्हणणे आहे.

इथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर हेतू स्पष्ट करावा, प्रवेश सातवी-आठवीत किंवा थेट अकरावीत घ्यावा आणि बोर्ड अठराव्या वर्षाकडे पाहून ठरवावा. हे तिन्ही निर्णय घरी बसून घेता येतात. यापुढचे मात्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही आणि बहुतेक पालक नेमके तेच पाहत नाहीत.

शाळा पाहायला गेलेल्या पालकांना साधारण सकाळी अकरा वाजता बोलावले जाते. तरणतलाव, प्रयोगशाळा, नाट्यगृह, घोडे असतील तर घोडे, मग मुख्याध्यापकांबरोबर चहा, आणि दोन वाजता आपण परत निघतो. हे सर्व पाहावे, त्यात गैर काही नाही. पण आपला मुलगा सकाळी अकरा वाजता अडचणीत येणार नाही. तो अडचणीत येईल तो रात्री साडेआठनंतर, रविवारच्या लांबलचक दुपारी आणि आजारी पडलेल्या दिवशी. त्यामुळे मी पालकांना सांगते की संध्याकाळी सात ते दहा या वेळेत वसतिगृह पाहण्याची परवानगी लेखी मागावी. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळा काही अटी घालेल आणि त्या तिने घातल्याच पाहिजेत. कोणालाही कुठेही फिरू देणारी शाळा मला उलट काळजीची वाटते. परंतु कोणत्याही अटीवर, कोणाच्याही सोबतीने, संध्याकाळचे वसतिगृह दाखवायलाच नकार मिळाला तर मी ते नाव यादीतून काढते.

तिथे गेल्यावर मुख्याध्यापकांना सोडून हाउसमास्तरांशी, म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या शिक्षकांशी, बोलावे. आपल्या मुलाचे आईबाप म्हणून पुढची काही वर्षे तेच वावरणार आहेत. त्यांच्याकडे किती मुले आहेत, ते या वसतिगृहात किती वर्षे आहेत, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना किती तास शिकवावे लागते, मध्यरात्री मुलाला उलटी झाली तर कोण उठते, हे विचारावे. पन्नास मुले सांभाळून दुसऱ्या दिवशी सहा तास शिकवणारा माणूस कितीही सहृदय असला तरी रात्री अकरा वाजता एका मुलाच्या पलंगाशी बसून त्याचे ऐकू शकत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. हाउसमास्तर दर वर्षी बदलत असतील तर कारण विचारावे. लहान आणि मोठ्या मुलांचे मजले वेगळे आहेत का, न्हाणीघरांना आतून कडी आहे का, फोन कधी आणि कुणासमोर करता येतो, रविवारी दुपारी दोन ते पाचमध्ये मुले नेमके काय करतात, हेही पाहून घ्यावे. जेवण मुलांच्या पंक्तीत बसून जेवावे, पाहुण्यांच्या खोलीत जेवू नये. आपल्याकडच्या मुलाला भाकरी मिळाली नाही तर काही बिघडत नाही. तो आठवडाभरात सरावतो. मुले ताटात किती टाकून देतात आणि वाढणारी माणसे त्यांना नावाने ओळखतात का, याकडे माझे लक्ष असते.

इन्फर्मरीची, म्हणजे आजारी मुलांच्या खोलीची, नोंदवही कशी ठेवतात हे मी प्रत्येक शाळेत विचारते आणि त्यामागे एक घटना आहे. ज्या एका शाळेत मी वसतिगृह सांभाळत होते तिथे बारा वर्षांच्या एका मुलाने लागोपाठ दोन दिवस पोट दुखते म्हणून मेट्रनकडे धाव घेतली. नव्याने आलेली मुले घरच्या आठवणीने पोटदुखी सांगतात हा आमचा सर्वांचा अनुभव होता, म्हणून त्याला ओव्याचे पाणी देऊन परत पाठवले गेले. पहिल्या दिवशीच्या तक्रारीची नोंद कोणी केली नव्हती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याला पाहणाऱ्या नर्सला ती पहिलीच तक्रार वाटली. रात्री त्याने मला सांगितले तेव्हा मीही त्याच्या डोक्यावरून हात फिरवून ‘झोप, सकाळी बरे वाटेल’ असे म्हटले. पहाटे त्याला ताप भरला, रुग्णालयात नेल्यावर अपेंडिक्स असल्याचे कळले आणि दुपारपर्यंत शस्त्रक्रिया झाली. तो पूर्ण बरा झाला. पण त्याने तीन मोठ्या माणसांना सांगितले होते आणि तिघांपैकी एकानेही त्याचे ऐकून घेतले नव्हते. त्यांतली एक मी होते, हे मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी विचारते की मुलाची प्रत्येक तक्रार लिहिली जाते का, दोनदा तीच तक्रार आली तर डॉक्टरकडे नेणे बंधनकारक आहे का, आणि सर्वांत जवळचे शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाडीने किती मिनिटांवर आहे. डोंगरातल्या शाळेसाठी पावसाळ्यातल्या रस्त्याचा हिशेब धरून उत्तर मागावे.

मोठ्या मुलांकडून होणारा त्रास हा विषय पालक संकोचाने टाळतात. तो टाळू नये. ‘आपल्याकडे असा शेवटचा प्रकार केव्हा घडला आणि आपण काय केले?’ असे सरळ विचारावे. ‘आमच्याकडे असे होतच नाही’ हे उत्तर मला अस्वस्थ करते, कारण शंभर मुले चोवीस तास एकत्र राहतात तिथे काहीच घडत नाही असे होत नाही. ते कुणाच्या लक्षात येत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. याउलट एखादे हाउसमास्तर नावे न घेता एखादी घटना, तिची चौकशी, दोन्ही मुलांच्या पालकांना कधी कळवले आणि नंतर काय बदलले हे सांगू शकले तर तिथे मूल सुरक्षित राहण्याची शक्यता अधिक. लैंगिक गैरवर्तनाच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, शाळेने आपापसांत मिटवण्याची ती गोष्ट नाही. शाळेचे बालसुरक्षा धोरण लेखी मागून घ्यावे आणि त्यात जबाबदार व्यक्तीचे नाव आहे का ते पाहावे.

स्वित्झर्लंडच्या शाळेविषयी माझे मत स्पष्ट आहे: अकरा-बाराव्या वर्षी, आपण वर्णन केलेल्या मुलासाठी, ती नको. त्या शाळांच्या दर्जाविषयी मला शंका नाही. १८८० सालची ल रोझे किंवा १९४९ सालची एग्लॉन यांसारख्या शाळांत जगभरातली मुले येतात, भाषा आणि खेळ यांचे शिक्षण उत्तम असते आणि ल रोझे तर हिवाळ्यात संपूर्ण शाळा श्टाडच्या डोंगरात हलवते. परंतु तिथली वरच्या श्रेणीतली वार्षिक फी एक लाख फ्रँकच्या पुढे जाते, म्हणजे आपल्या रुपयात कोटीच्या घरात, आणि सोबतची मुले ज्या राहणीतून येतात ती राहणी सोलापूरच्या संपन्न घरापेक्षाही फार वेगळी असते. वेळेचा फरक ऋतूनुसार साडेतीन ते साडेचार तासांचा; मुलाला रात्री नऊ वाजता घरची आठवण येते तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असते. विमान कितीही लवकर मिळाले तरी मुलाच्या पलंगाशी पोहोचायला आपल्याला दीड दिवस लागेल. परदेशाचीच ओढ असेल तर अकरावीपासून पाहावे. इंग्लंडचा विचार मनात आला तर लक्षात ठेवावे की जानेवारी २०२५ पासून तिथल्या खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला आहे. पैसे पाठवण्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार दर आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि ठरावीक रकमेपुढे बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकून राहतात, याची कल्पना आपल्या सीएंना आधीच द्यावी.

पैशाचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट आपल्या व्यवसायाच्या संदर्भात सांगते. पालक पहिल्या वर्षाची फी पाहून निर्णय घेतात. वास्तविक सातवी ते बारावी या सहा वर्षांची बेरीज करावी. दर वर्षी दहा टक्के वाढ धरली तर सात वर्षांत फी जवळजवळ दुप्पट होते. अनामत रक्कम, गणवेश, सहली, परीक्षा शुल्क, जादा शिकवणी आणि आपल्या स्वतःच्या प्रवासाचा खर्च यांची भर वेगळी. सोलापुरात सुताचे भाव चढले किंवा परदेशातली मागणी मंदावली की काय होते ते मी आपल्याला सांगायची गरज नाही. एका कारखानदाराच्या मुलीला नववीच्या मध्यावर शाळेतून काढावे लागले होते. ती हुशार होती आणि इथे येऊन तिने चांगले गुणही मिळवले, पण ते वर्ष तिने कोणाशीही न बोलता काढले. म्हणून दोन वर्षांची फी बाजूला ठेवता येत असेल तरच या वाटेने जावे, आणि मधेच नाव काढले तर किती रक्कम परत मिळते ते प्रवेश अर्जावर सही करण्यापूर्वी वाचावे. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत भेटणाऱ्या काही सल्लागारांना शाळांकडून कमिशन मिळते. ते बेकायदेशीर नाही, परंतु ‘या शाळेकडून आपल्याला मानधन मिळते का?’ हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आजीचा विरोध निव्वळ माया म्हणून सोडून देऊ नये असे मला वाटते. त्या काय गमावू पाहत नाहीत ते त्यांना विचारावे. एका आजीबाई मला म्हणाल्या होत्या की नातू परत येईल, पण माझ्याशी इंग्रजीत बोलेल. ही भीती खरी ठरलेली मी पाहिली आहे. यावर उपाय आहे. शाळेची तयारी असेल तर आयबी डिप्लोमात मातृभाषेतले साहित्य स्वयंअध्ययनाने शिकता येते आणि त्या भाषेतला विषय मुख्य गटात घेता येतो. आपल्या यादीतली शाळा मराठीसाठी ही सोय करते का हे विचारावे. सोलापुरात मूल मराठी, तेलुगू, कन्नड अशा दोन-तीन भाषा रस्त्यावरच शिकते, ही शिदोरी सहज टाकून देण्यासारखी नाही. सुट्यांचे वेळापत्रकही पाहावे. हिमालयातल्या काही शाळांची मोठी सुटी हिवाळ्यात असते, त्यामुळे मुलगा संक्रांतीला घरी असतो आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक त्याला पाहता येते. दिवाळीला मात्र तो बहुधा शाळेत असतो. हा तपशील किरकोळ वाटेल, पण घरातल्या कोणत्या दिवसाला मूल हवेच, हे आधी ठरले तर पुढची सहा वर्षे दर सणाला घरात वाद होत नाहीत.

आता आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर. यंदा पाठवू नये. एक वर्ष वर सांगितलेल्या दोन परीक्षांसाठी द्यावे आणि सर्व ठीक वाटले तर आठवीला पुण्याजवळच्या शाळेत प्रवेश घ्यावा. अर्थात संध्याकाळचे वसतिगृह पाहून समाधान झाले तरच. माझ्या मनात मोठे कारण अंतराचे आहे. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर, सकाळी निघून मुलाबरोबर दुपारचे जेवण घेऊन रात्री परत येता येते. डेहराडूनकडे निघायचे तर रेल्वेने दिल्लीपर्यंतच एका दिवसाहून जास्त वेळ जातो. डेहराडूनची शाळा माझ्या मते त्या मुलासाठी, ज्याला तिथले खेळ, गिरिभ्रमण, जुन्या परंपरा यांचीच ओढ आहे आणि जो स्वतः जाऊ म्हणतो. आपला मुलगा तसा निघाला, तर माझे मत बदलेल. पुण्याजवळची शाळा पसंत पडली नाही, तर सोलापुरातच दहावी करून अकरावीला बाहेर पाठवणे हाही पूर्ण प्रतिष्ठेचा मार्ग आहे. त्यात मुलाचे काही बुडत नाही.

शाळा पक्की करण्यापूर्वी त्याला तिथे दोन रात्री राहू द्यावे. बऱ्याच शाळा अशी सोय करतात. परत येताना गाडीत त्याला ‘आवडली का?’ असे विचारू नये, कारण आपल्याला काय ऐकायचे आहे ते त्याला माहीत असते. शेजारच्या पलंगावर कोण होता, त्याचे नाव काय, जेवताना कोणाजवळ बसलास, रात्री दिवे बंद झाल्यावर काय झाले, असे विचारावे. दोन दिवसांत त्याला एकाही मुलाचे नाव सांगता आले नाही, तर आणखी थांबावे.

आणि पाठवायचे ठरले तर निघण्यापूर्वी त्याच्याशी एक खुणेचे वाक्य ठरवावे. वसतिगृहातला फोन बहुधा रांगेत उभे राहून, इतरांच्या कानावर पडेल असा करावा लागतो, त्यामुळे ज्या मुलाला त्रास होत असतो तोच ‘सगळे छान आहे’ असे सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी घरातले एखादे साधे वाक्य निवडायला सांगते, जसे ‘आजीला सांगा, शेंगाचटणी संपली.’ इतरांना त्यात काही वाटत नाही. मुलाला आणि आपल्याला मात्र माहीत असते की याचा अर्थ, बाबा, तुम्ही या. ते ऐकल्यावर फोनवर कारण विचारू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी निघावे, पोहोचल्यावर हाउसमास्तरांना रीतसर भेटून मुलाला दोन तास बाहेर जेवायला न्यावे आणि तो स्वतःहून बोलेपर्यंत काही विचारू नये. पुणे जवळ असण्याचा खरा उपयोग त्या दिवशी होतो.